हॅल्वोर कुणाच्या गाडीत

एप्रिल लागला की गावोगावच्या हॉकीच्या रिंकमधला बर्फ काढून टाकतात आणि खालच्या उघड्या सिमेंटवर आमची प्रदर्शनं भरतात. शुक्रवार, शनिवार, रविवार. मग सामान बांधायचं, पुढचं गाव. सहा आठवडे, सहा गावं. गव्हाच्या पेरणीआधी सगळं उरकावं लागतं. एकदा ट्रॅक्टर शेतात उतरला की आमच्या सास्काचेवान प्रांतात कुणाला मुरांबा नको असतो, मॉप नको असतो, गरम पाण्याचा टब तर मुळीच नको असतो.

मुरांबा माझा. टब डार्सी पेल्तियेचे. मॉप हॅल्वोर ट्वेटचे.

अकरा वर्षं माझं टेबल आणि हॅल्वोरचं टेबल शेजारी शेजारी. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात कॉफीचा पेला, पायाखाली मुद्दाम मांडलेली पांढरी फरशी. बायका जवळ आल्या की तो कॉफी सांडायचा आणि सुरू व्हायचा:

*सांडा बाई कॉफी, सांडा बाई रस,*
*नवऱ्यानं सांडलं तर त्यालाच म्हणा पूस!*

नवरे हसत आणि पैसे काढत. हेच मी दर तासाला ऐकायची आणि दर तासाला मलाही हसू यायचं. उन्हाळ्यातल्या मोठ्या जत्रा सोडल्या तर उरलेलं वर्ष आम्ही एकमेकांना फोनसुद्धा करत नसू. प्रदर्शनातली शेजारओळख तशीच असते. घरचं कुणी विचारत नाही. कुणाचं गेलं, कुणाचं मोडलं, ते पुढच्या एप्रिलमध्ये चेहऱ्यावरून कळतं.

वाटा आखायचं काम माझं. आधी ते ओरेस्ट करायचा, माझा नवरा. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. पहिल्या शुक्रवारी ऑर्मेलच्या रिंकच्या स्वयंपाकघरात सगळे जमतात, बायका पिरोगीवर, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांवर, कांदा वाढत असतात आणि मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर वाटा लिहिते. कुणी कधी निघायचं, कुणाचं जड सामान कुणाच्या गाडीत, बर्फ वितळल्यामुळे कुठला रस्ता खचलाय, कुठल्या रस्त्यावर जड गाड्यांना मनाई आहे. नदीच्या खोऱ्यात फोन चालत नाहीत, म्हणून मी वाटा जोडओळींत बांधते. माझी आजी लग्नाच्या पंगतीत उभी राहून अशा ओळी बांधायची, नवरदेवाच्या नाकापासून विहिणीच्या बुटांपर्यंत. मला नाकं जमत नाहीत. मला रस्ते जमतात.

*ऑर्मेल सोडा सकाळी सात, पोटात असू द्या अंडं,*
*तळ्यावर दिसता पांढरे हंस, डावीकडे वळवा तोंड.*

*लिंड्रेनचा पूल अरुंद बाई, गाडी मावते एक,*
*समोरच्याला हात करा, तो माणूस आहे नेक.*

डार्सी दरवर्षी म्हणतो, "व्हर्ना, तो माणूस नेक नसला तर?"

"तर दोन ओळी जास्त लिहीन. नदीतून टब कसा काढायचा त्याच्या."

यंदा पुठ्ठा लिहायला बसणार एवढ्यात हॅल्वोरनं मला बाजूला बोलावलं. रिंकच्या कडेला काचेची कोठी असते, खेळात दांडगाई करणाऱ्याला तिथं दोन मिनिटं बसवतात. प्रदर्शनाच्या दिवसांत आम्ही तिथं रिकामी खोकी टाकतो. तो खोक्यावर बसला, मी खोक्यावर बसले.

"माझा ट्रक आला नाही," तो म्हणाला.

"मग तू कसा आलास?"

"भाची सोडून गेली. परवाना काढून घेतलाय, व्हर्ना. डोळे. जवळचं दिसतं. तुझ्या बरणीवरचं लेबल वाचतो. तू केस कापलेत तेही दिसतंय."

"मार्चमध्ये."

"बरे दिसतात. पण लांबचं सगळं काचेवर श्वास सोडल्यासारखं. शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये आहे. त्याच्या आत नंबर लागत नाही."

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. मॉपच्या कंपनीचा नियम होता, विक्रेत्याकडे गाडी हवी, गाडी चालवायचा परवाना हवा. कंपनीला कळलं तर ही सहा गावं आणि उन्हाळ्यातल्या मोठ्या जत्रा दुसऱ्या कुणाला जाणार. एकदा गेलेलं गाव परत मिळत नाही.

"चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे मी," तो म्हणाला. "घरी बसून काय करू? एकटा माणूस स्वतःचीच फरशी किती वेळा पुसणार?"

तो हे हसवायला म्हणाला होता. मला हसू आलं नाही.

"डार्सीला सांगू नकोस," तो म्हणाला. "कुणालाच नको. एकदा दया करायला लागले की ते माझं सांडलेलं बघून हसणार नाहीत."

मी शब्द दिला. आणि स्वयंपाकघरात परत येऊन, पिरोगी गार होईपर्यंत बसून, आयुष्यातली सगळ्यात अवघड वाट आखली.

मॉपचं एक बरं असतं, दांड्याचे तुकडे होतात. बारा मॉपचं खोकं सीटखाली सरकतं. चार खोकी माझ्या व्हॅनमध्ये, तीन गॉदे बहिणींच्या गाडीत, त्या दूध-साखरेच्या वड्या विकतात, तीन खिडक्या विकणाऱ्या लॉइडच्या पिकअपमध्ये. आणि हॅल्वोर? हॅल्वोरला मी गावागणिक वाटला. डार्सीला म्हटलं, "तुला गाडी चालवताना झोप येते म्हणतोस ना? याला घेऊन जा, हा गप्प बसत नाही." गॉदे बहिणींना म्हटलं, "तुमच्या टायरचं बघायला कुणी पुरुष बरोबर असलेला बरा." त्यावर थोरली, इव्होन, म्हणाली, "त्याला टायर बदलता येतो?" मी म्हटलं, "नाही, पण तुम्ही बदलत असताना तो गाणं म्हणेल." लॉइडला काही कारणच सांगितलं नाही. लॉइड कारणं विचारत नाही.

"आणि तुझा ट्रक, हॅल्वोर?" डार्सीनं विचारलं.

"दुरुस्तीला," मी म्हटलं.

"मी त्याला विचारलं."

"दुरुस्तीला," हॅल्वोर म्हणाला.

ऑर्मेल झालं. सेंट-ओदील झालं, लिंड्रेन झालं, हार्टव्हेल झालं. दर गावी पोचल्यावर ज्याच्या गाडीत तो बसायचा तो मला तक्रार सांगायचा. "दोन तास माझ्या लग्नावर सल्ला देत होता," डार्सी म्हणाला. "स्वतः लग्न केलं नाही त्यानं!" इव्होन म्हणाली, "एक पौंड वड्या खाल्ल्या. पण टायर पंक्चर झाला नाही, हे खरं." लॉइड म्हणाला, "बरा माणूस आहे." लॉइडच्या तोंडून एवढं म्हणजे पोवाडाच.

मी मनात म्हणायची, चार गावं झाली. राहिली दोन.

पाचवं गाव दरवर्षी आमच्याच प्रांतात असायचं. यंदा तिथल्या रिंकचं छप्पर दुरुस्तीला काढलं, म्हणून संयोजकांनी केस्लर दिलं, प्रांताच्या सीमेपलीकडे मॅनिटोबात. मला काही वाटलं नाही. ओरेस्टची बहीण तिकडेच राहते. तीस वर्षं नाताळला मी त्या रस्त्यानं गेलेय. पुठ्ठा घेतला आणि बांधून टाकलं:

*दोनला निघा, पाचला पोचा, सहाला मिटतं दार,*
*वाटेत बेरीची पाई खायला वेळ आहे फार.*

डार्सीचं मात्र निराळं. त्याच्या टबांचं ओझं छोट्या रस्त्यांना सोसत नाही, वसंतात मनाई असते. त्याला हमरस्त्यानं मोठा वळसा, म्हणून तो सकाळी दहालाच निघणार होता. हॅल्वोर त्याच्याबरोबर. मॉप आमच्याकडे.

निघताना हॅल्वोर माझ्या व्हॅनच्या खिडकीशी आला. "केस्लरला कंपनीची बाई येणार आहे," तो हळूच म्हणाला. "मिस इम्री. विनिपेगहून. टेबल बघायला. संध्याकाळी साडेपाचला."

"पाचला तुझे मॉप तिथं असतील."

"तू म्हणालीस म्हणजे असतीलच," तो म्हणाला, आणि डार्सीचा ट्रक लाल असल्यामुळे तो त्याला सापडला.

शुक्रवारी गॉदे बहिणी, लॉइड आणि मी दोनला निघालो. काय दिवस होता! शेतांतल्या खड्ड्यांत वितळलेलं पाणी, पाण्यावर हिमहंसांचे थवे, जणू कुणी उशी फाडून उधळली. वाटेत थांबलो, रानातल्या जांभळ्या सास्कटून-बेरीची भाजलेली पाई खाल्ली, इव्होननं दुसरा तुकडा घेतला. सव्वापाचला केस्लरच्या रिंकसमोर उभे राहिलो, तर एक टोपीवाला माणूस सामानाचं मोठं दार खाली ओढत होता.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "सहापर्यंत आहे ना!"

"सव्वासहा झाले, बाई."

"सव्वापाच."

त्यानं माझ्या गाडीच्या नंबरपाटीकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर एक दयाळू हसू आलं. "सास्काचेवान," तो म्हणाला, जसं एखाद्या आजाराचं नाव घ्यावं. "मार्चमध्ये आम्ही घड्याळ पुढं करतो. तुम्ही करत नाही."

आम्ही करत नाही. कधीच केलं नाही. गाईला घड्याळ कळत नाही, असं माझे वडील म्हणायचे. हिवाळ्यात दोन्हीकडे वेळ एकच असते, आणि तीस वर्षं मी तिकडे फक्त नाताळला गेले होते.

"माल उद्या सकाळी सातला. माणसं जाऊ शकतात," टोपीवाला म्हणाला.

मी आत धावले. सगळी टेबलं मांडलेली, दिवे लागलेले, आणि त्या ओळीत एक टेबल साफ रिकामं. त्याच्यासमोर पंधरा-वीस माणसांचा घोळका आणि हसण्याचा आवाज. हॅल्वोरच्या हातात रिंकच्या झाडूवाल्याचा मॉप होता. करडा, जुनाट, अर्धी दोरी गळालेली. तो म्हणत होता:

*बघा बघा हा म्हातारा मॉप, केस याचे गेले,*
*पुसतो कमी, पसरतो जास्त, हाल फरशीचे केले!*
*उद्या या बाई सकाळी, याचा नातू येईल,*
*आजोबांनी जे पसरलं, तो पुसून नेईल!*

लोक टाळ्या वाजवत होते. पण घोळक्याच्या मागे, हातात कागदांची पाटी धरून, राखाडी कोटातली एक पन्नाशीची बाई उभी होती आणि ती हसत नव्हती.

घोळका पांगला. ती पुढे आली. "मिस्टर ट्वेट, छान होतं. पण तुमचा माल कुठं आहे? तुमचा ट्रक मला बाहेर दिसला नाही."

"ट्रक दुरुस्तीला आहे," मी धापा टाकत म्हटलं.

त्याच क्षणी पलीकडून डार्सी म्हणाला, "ट्रक मी उसना घेतलाय."

आणि इव्होन, माझ्या मागून, "हरीण आडवं आलं हो. बिचारं."

मिस इम्रीनं आमच्या तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. मीही डार्सीकडे पाहिलं. त्याला कुणी सांगितलं होतं? इव्होनला कुणी? डार्सीनं खांदे उडवले. "अगं व्हर्ना, पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, बघ, मूस. रस्त्याच्या कडेला एवढं मोठं रानहरीण. तर म्हणतो, कुणाचा घोडा?"

हॅल्वोरचे कान लाल झाले. त्यानं झाडूवाल्याचा मॉप टेबलाला नीट टेकवून ठेवला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "हे तिघं चांगली माणसं आहेत आणि तिघं खोटं बोलतायत. मला परवाना नाही. फेब्रुवारीपासून नाही. माझा माल तीन गाड्यांत आहे आणि मी चौथ्या गाडीत." मग एकेक बोट दुमडत त्यानं सगळं सांगितलं, डोळे, ऑगस्ट, सगळं. काही उरवलं नाही.

मिस इम्रीनं पाटीवरचे कागद चाळले. "तुम्ही फेब्रुवारीतच मला फोन का नाही केला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला वाटला होता तसा कडक नव्हता. "नियमात आहे. परवाना नसेल तर एक ठरलेला चालक चालतो. पण एक. नाव लिहून, सही करून. माल आणि विक्रेता दोन्ही त्याच गाडीत. आणि नुसतं पुढच्या आठवड्यापुरतं नाही, ऑगस्टपर्यंतच्या सगळ्या जत्रा. असं चार गाड्यांत विखुरलेलं मी मान्य करू शकत नाही. काही हरवलं तर विमेवाले मला विचारतील."

डार्सी पुढच्या रविवारनंतर पश्चिमेला जाणार होता. गॉदे बहिणी उन्हाळ्यात शेतावर. लॉइड बाहेर पिकअपपाशी होता, आणि आत असता तरी पुढे झाला नसता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उन्हाळ्यातल्या जत्रा मीही करते. तीच गावं, त्याच तारखा.

"तिला विचारू नका," हॅल्वोर म्हणाला. "तिनं आधीच पुष्कळ केलंय."

"रविवारी दुपारपर्यंत मी इथंच आहे," मिस इम्री म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवून गेली. चालकाचं नाव, आणि पुढे एक लांब रिकामी रेघ.

शनिवारी सकाळी सातला मॉप आत आले. हॅल्वोरनं दांडे जोडले, मी बरण्या मांडल्या. सिमेंटवर पाय गोठतात म्हणून आम्ही दोघं पुठ्ठ्यावर उभे असतो, त्याच्याखाली त्याचा, माझ्याखाली माझा. त्यानं कॉफी आणून दिली.

"घड्याळाचं माझं चुकलं," मी म्हटलं.

"घड्याळ त्यांचं चुकलंय. सूर्याला विचार." मग थोडं थांबून, "एक विचारू?"

"विचार."

"चार वाटा आखल्यास. डार्सी, गॉदे बहिणी, लॉइड, पुन्हा डार्सी. तुझी गाडी एकदाही नाही." तो कॉफीत बघत होता. "मला वास येतो का?"

"कसला?"

"फरशीच्या साबणाचा. अडतीस वर्षांचा आहे. येत असणार."

मी हसले, आणि हसता हसता मला ते सांगावं लागलं, जे मी स्वतःच्या मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मी गाडीत बोलते," मी म्हटलं. "मोठ्यानं. ओरेस्टशी. बघ रे, कोसाकचं कोठार पडलं. बघ रे, हंस आले. बघ रे, त्या पोरांनी अजून भुसा उचलला नाही. सहा वर्षं. शेजारी कुणी बसलं तर ते बंद करावं लागेल. आणि ते बंद झालं तर मग तो कुठंच राहणार नाही."

एक बाई आली, तिनं बेरीच्या दोन बरण्या घेतल्या, सुटे पैसे मोजले, गेली.

"बंद कशाला करायचं?" हॅल्वोर म्हणाला. "मला लांबचं दिसतच नाही. तू बोलत जा. मी उत्तर देणार नाही."

"तुला जमेल? दोन मिनिटं गप्प बसायला?"

"प्रयत्न करीन. न जमलं तर सीमेवर उतरव."

दिवसभर तो कॉफी सांडत राहिला, लोक हसत राहिले, आणि दया आली की हसणार नाहीत हे त्याचं म्हणणं खोटं ठरलं, डार्सीसुद्धा हसत होता. रविवारी सकाळी मिस इम्री ओळीच्या त्या टोकाला दिसली तेव्हा मी त्याच्या टेबलावरचा कागद उचलला. पेन चालेना. हॅल्वोरनं खिशातलं आपलं दिलं. मी लिहिलं, व्हर्ना कोस्टिन्युक, आणि रेघेवर जागा उरली म्हणून पुढे गावाचं नावही लिहिलं.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "तुझं अक्षर भयंकर आहे," तो म्हणाला.

मग अडचण आली ती जागेची. दहा खोकी मॉप आणि एक लांब माणूस माझ्या व्हॅनमध्ये बसवायचा म्हणजे मुरांबा बाहेर. तीनशे बरण्या. डार्सीनं एका टबाचं झाकण उघडलं, आत जुनी पांघरुणं अंथरली आणि आम्ही सगळ्यांनी हातोहात बरण्या आत लावल्या, जणू बेरींना न्हाऊ घालायचंय.

"एक जरी फुटली," मी म्हटलं.

"तर गोड टब म्हणून दुप्पट भावानं विकीन," डार्सी म्हणाला. "जा आता. आणि म्हाताऱ्या, तिच्या लग्नावर सल्ला देऊ नकोस."

ब्रेमूरची वाट पुठ्ठ्यावर लिहायची राहून गेली होती. ज्यांना हवी त्यांना मी तोंडीच सांगितली, आणि या वेळी दोन्ही वेळा सांगितल्या, त्यांची आणि आपली.

सोमवारी सकाळी निघालो. हॅल्वोर पुढच्या सीटवर, गुडघे जवळ घेऊन, मांडीवर टोपी. मॅनिटोबा संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तोही बोलला नाही. पहिली दहा मिनिटं मी मोजत होते, मग मोजायचं विसरले. सीमा ओलांडली, गेलेला तास परत मिळाला. रस्ता सरळ, दोन्हीकडे पाणी साचलेली शेतं, समोरून ट्रॅक्टरवर येणारा एक शेतकरी, त्यानं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, मी उचलली.

"बघ रे," माझ्या तोंडून गेलं, "काळवेळ न बघता पेरणीला निघालाय. चाक रुतणार त्याचं."

शेजारी शांतता. त्यानं शब्द पाळला होता.

"आणि बघ, टेकडीवर हरणं. कळपच आहे. ओरेस्ट, बघ रे, पिल्लंसुद्धा..." मी थांबले. मेच्या सुरुवातीला पिल्लं कुठली? गेल्या वर्षीची असतील, वाढलेली.

हॅल्वोर टोपीची कड बोटांत फिरवत होता. समोरच्या काचेकडे बघत होता, जिथं त्याला बहुतेक नुसता उजेड दिसत असेल.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मग पुन्हा गप्प बसतो."

"विचार."

"किती आहेत?"

मी गाडी हळू केली. मागे कुणी नव्हतं. नीट मोजता यावीत म्हणून कडेला घेतली, खिडकी खाली केली, आणि मोजायला लागले.